हेतूची रेघ

"मला ह्यात खून पाहिजे," सरकारी वकिलांच्या टेबलासमोर बसून सारिका कोकितकर म्हणाली.

रेशनच्या दुकानात साखर मागावी तसा खून मागणारी बाई वकीलबाईंना नवी नव्हती. बावीस वर्षं झाली होती उज्ज्वला शिंत्रेंना ह्या कोर्टात. मयताच्या घरचं माणूस खूनच मागतं, कमी कुणाला नको असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पाठ झालेलं बोलायला सुरुवात केली.

"बाई, नवरा गेला तुमचा. पण कायदा मेलेल्याकडं बघून काही ठरवत नाही. मेलेला माणूस तिन्हीकडं सारखाच मेलेला असतो. ठरतं ते मारणाऱ्याच्या मनावरून. जीव घ्यायचाच म्हणून केलं तर खून. जीव जाईल हे ठाऊक असून केलं तर सदोष मनुष्यवध. आणि हयगय झाली, नीट बघितलं नाही, तर निष्काळजीपणा. पहिल्याला जन्मठेप, दुसऱ्याला दहा वर्षं, तिसऱ्याला फार तर पाच."

"दिनकरनं मारायचंच म्हणून मारलं."

"हे तुमच्या म्हणण्यावर ठरत नाही."

"माझ्या म्हणण्यावर नगंच. मशीन हाय की सरकारचं. बसवा त्याला मशीनम्होरं."

वकीलबाईंनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला. मनोलेखाची मागणी फिर्यादीनं केली की सरकारी वकिलाला नाही म्हणता येत नाही, असा सहा वर्षांपूर्वीचा कायदा होता. त्यांनी अर्ज पुढं केला. सारिकेनं चौदा ठिकाणी सह्या केल्या. वाचलं एक अक्षर नाही. आपल्याकडं सहीच्या जागेवर पेन्सिलीनं फुली मारून दिली की माणूस आपलं मृत्युपत्रसुद्धा दुसऱ्याच्या नावानं करून देईल.

मनोलेख ही तशी साधी गोष्ट आहे, निदान सांगायला. माणूस एखादी गोष्ट ठरवतो, जाणतो किंवा तिच्याकडं लक्ष देतो, तेव्हा मेंदूतल्या पेशींच्या जोडांवर एक प्रथिन साचतं. हवंसं वाटण्याचा रस्ता वेगळा, माहीत असण्याचा वेगळा, लक्ष असण्याचा वेगळा. तीन रस्ते, तीन थर. खोडातल्या वर्तुळांवरून दुष्काळ कुठल्या साली पडला ते सांगतात, तसं ह्या थरांवरून अमुक घटकेला मन कुठं होतं ते सांगता येतं. अटी दोनच. एक, नव्वद दिवसांच्या आत वाचायचं, कारण माणूस तीच आठवण घोळून घोळून थर विस्कटून टाकतो. दुसरी, ती घटका त्याच्यापुढं पुन्हा उभी करायची: तोच उजेड, तोच आवाज, तोच वास. मग डोक्यावरच्या टोपातले संवेदक ते थर मोजतात आणि कागदावर तीन रेघा उमटतात. पहिली हेतूची, दुसरी जाणिवेची, तिसरी अवधानाची. कायद्याला हवं तेवढंच यंत्र सांगतं, जास्त नाही. मनातले शब्द त्याला कळत नाहीत. काय हवं होतं तेही कळत नाही, काहीतरी हवं होतं एवढंच कळतं.

आता गुन्हा काय घडला होता ते सांगायला हवं.

दिनकर म्हणजे सारिकेच्या नवऱ्याचा, युवराजचा, धाकटा चुलतभाऊ. दोघांची रानं एका बांधाची. दिनकरच्या रानात रताळी, आणि रताळ्यांच्या वासावर रानडुकरं चार मैलांवरून येतात. सरकारनं सौर झटका मशीन वाटली होती. पहिली दोन वर्षं डुकरं भ्याली, तिसऱ्या वर्षी सरावली. डुकराला कळतं की ह्या तारेनं मरत नाही. मग लोकांनी जुनाच उद्योग सुरू केला. पंपाच्या खोक्यातून थेट लाइन घ्यायची आणि संध्याकाळी कुंपणाच्या तारेत सोडायची. बेकायदा आहे हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं, म्हणून गावानं त्याला आपला एक नियम घालून घेतला होता. लाइन सोडणाऱ्यानं बांधावर उभं राहून हाक द्यायची, "तार जिती हाय होऽऽ." शेजारच्या रानात असेल त्यानं उत्तर द्यायचं, "ऐकलंऽऽ." उत्तर आलं की खटका वर. नाही आलं तर चालत जाऊन बघून यायचं. पंधरा वर्षांत ह्या नियमानं एक वासरू सोडलं तर कुणी मेलं नव्हतं. सदू कांबळे एकदा तारेवरून फेकला गेला, पंधरा दिवस लंगडला आणि नंतर तीच गोष्ट रंगवून सांगत गावभर चहा प्यायला.

पण नियमाला बोलणारी माणसं लागतात. तीन वर्षांपूर्वी दिनकरच्या वास्तुशांतीला सारिकेची ओटी सगळ्यात शेवटी भरली गेली. थोरल्या घरची सून ती, आणि तिच्याआधी तीन परक्या बायका. दिनकरच्या बायकोचं, लताचं, ध्यान चुकलं होतं, झालं. तिनं दुसऱ्या दिवशी पाय धरले, पण सारिकेनं त्या घराशी अबोला धरला तो धरलाच. युवराजनं काही मनावर घेतलं नाही. दुधाचा टेम्पो चालवणारा मोकळाढाकळा गडी तो. रानात युवराज असला की दिनकरच्या हाकेला उत्तर जायचं. सारिका एकटी असली की जायचं नाही. पहिले काही दिवस दिनकर बांध ओलांडून बघून जायचा. ती पाठ फिरवून खुरपत असायची. पुढं त्यानं ते सोडून दिलं. वैनी बोलत नाही, पण ऐकती, असं त्यानं मनाशी धरून टाकलं.

कार्तिकातल्या एका संध्याकाळी युवराज टेम्पो लावून रानात आला, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायला बांधाकडं गेला आणि तारेला चिकटला. बारा पावलांवर खोपीशी सारिका होती.

"त्यानं हाक दिली न्हाई," सारिकेनं पोलिसांना सांगितलं, तेच प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं.

"हाक दिली, वैनीनं ऐकली," दिनकरनं सांगितलं.

सगळा खटला ह्या दोन वाक्यांत येऊन बसला. हाक न देता लाइन सोडली असेल तर माणूस मरू शकतो हे जाणून सोडली, मग दहा वर्षं. हाक दिली असेल तर हयगय. आणि मनात वैर असेल तर सारिकेला हवा तो खून.

मशीनचं नाव काढल्यावर दिनकर म्हणाला, "आत्ता बसवा, कशाला उशीर." बसवलं. त्याची हेतूची रेघ कागदाला चिकटून राहिली होती, मुंगीएवढीसुद्धा वर नाही. जाणिवेची मध्यम. अवधानाची बऱ्यापैकी वर.

"खून गेला," वकीलबाई म्हणाल्या. "आता प्रश्न राहिला हाकेचा. त्यासाठी ताळा घ्यायचा."

"म्हंजे?"

"म्हणजे त्याच घटकेचा तुमचा मनोलेख. मागणी करणाऱ्यानं स्वतःही बसायचं, असं अर्जातच आहे. कुणीही उठून कुणाच्याही डोक्यात शिरायची मागणी करू नये म्हणून केलेलं कलम आहे ते. तुमच्यावर जबरदस्ती नाही. पण नाही म्हणालात तर हाकेबद्दलची तुमची साक्ष बाद."

सारिकेनं पदर सावरून घेतला. ती म्हणाली, "बसते की. मला कशाची भीती?"

भीती कशाची ते तिला पुरतं ठाऊक होतं.

नव्वद दिवस भरायला नऊ दिवस उरले होते, आणि बाईनं दुसऱ्या दिवसापासून अंथरूण धरलं. ताप, कणकण, उठवत नाही. हिशोब सरळ होता, नऊ दिवस असेच काढायचे. पण तिची पोरगी, ऋतुजा, कोल्हापुरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, ती आईचा फोन ऐकून धावत आली. तिनं तीन दिवस तीन-तीनदा तापमान बघितलं.

"आई, ताप नाही तुला."

"आत हाय. अंगात मुरलाय."

"आत असलेला ताप बाहेर दिसतो, आई. तेच शिकवतात आम्हाला." ऋतुजा उशाशी बसली. बापावर जीव असलेली पोरगी, तीन महिन्यांत अर्धी झाली होती. "तुला तिकडं जायचं नाही का? पुन्हा ते सगळं बघायला लागेल म्हणून?"

सारिकेनं मान हलवली. हे कारण बरं होतं.

"मी बसते की बाहेर. डोळे मिटून बस, दहा मिनिटांचं काम आहे. तू नाही गेलीस तर काका सुटतील, आई. हाक न देता लाइन सोडली त्यांनी, पप्पांना मारलं आणि वर तुला खोटं पाडतायत. आपल्याला काय लपवायचंय?"

पोरीच्या ह्या शेवटच्या वाक्यापुढं सारिकेचं काही चाललं नाही. नाही म्हटलं तर ऋतुजा का म्हणून विचारणार, आणि ह्या 'का'चं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. शिवाय एक खुळी आशा होती. तीन महिने दिवसातून दहादा तिनं स्वतःला सांगितलं होतं, हाक दिली नाही, हाक दिली नाही. कुणास ठाऊक, थर विस्कटलेसुद्धा असतील. अखेर ती उठली, नवी साडी नेसली आणि शहाऐंशीव्या दिवशी जाऊन बसली.

खोली अगदी लहान होती. तंत्रज्ञ समीर पटवेकर नावाचा तिशीतला तरुण, बोलायला मऊ. त्यानं टोप बसवला. "मावशी, काही करायचं नाही. फक्त आठवायचं नाही असं ठरवू नका. ते आपोआप येतं."

उजेड तांबूस झाला. कुठून तरी ओल्या मातीचा आणि उपटलेल्या रताळ्याच्या वेलाचा वास आला. लांबवर पंपाची घरघर. आणि मग सारिकेला पळायला जागा उरली नाही.

त्या सकाळी युवराज दिनकरच्या घरी चहा पिऊन आला होता. वर त्याचा पंपही दुरुस्त करून दिला होता. तिला हे बाजारात तिसऱ्याच बाईकडून कळलं. ज्या घरात आपला मान गेला तिथं आपला नवरा दात काढत बसतो, म्हणजे आपली किंमत काय राहिली? दिवसभर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. डबा भरून दिला, पण तोंडानं काही नाही. संध्याकाळी ती रानात होती. दिनकर बांधावर आला, "तार जिती हाय होऽऽ" म्हणाला. तिनं ऐकलं. खणखणीत ऐकलं. नेहमीसारखी पाठ फिरवली. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि तो गेला.

पाच मिनिटांनी युवराज दुसऱ्या वाटेनं आला. व्हॉल्व्हकडं जाता जाता थांबला.

"दिन्यानं हाक दिली काय गं?"

ती गप्प.

"अजून राग हाय व्हय?" तो हसला. "बरं, न्हाई बोलायचं तर नगं बोलू. हाक दिली असती तर बोलली असतीस म्हणा एवढं तरी."

तो वळला. आणि त्याच्या पाठीकडं बघत तिच्या मनात आलं, बसू दे. एकदा बसू दे चांगला दणका. सदूसारखा पंधरा दिवस लंगडू दे. मग कळंल कुणाच्या घरचा चहा गोड लागतो ते.

तिनं मोजून बारा पावलं बघितली. आठव्या पावलाला हाक मारावी असं वाटलं. पण आपण आधी बोलायचं म्हणजे आपण हरायचं, आणि पहिल्यांदा तोंड उघडायचं ते दिनकरची हाक पोचवायला? एवढ्यात चार पावलं संपली.

पटवेकरनं टोप काढला तेव्हा तिचे दोन्ही गाल ओले होते. त्यानं कागद बघितला, तिच्याकडं बघितलं, पुन्हा कागद बघितला आणि तो लखोट्यात घातला.

कोर्टात लखोटा उघडला. न्यायाधीश मोहरीर चाळिशीचे, भराभर वाचणारे, पण हे त्यांनी दोनदा वाचलं. सारिकेची अवधानाची रेघ वर. जाणिवेची रेघ कागदाच्या माथ्याला टेकलेली, म्हणजे तार जिती आहे हे तिला पुरेपूर ठाऊक होतं, म्हणजे हाक दिली गेली होती. आणि हेतूची रेघ चांगली चार बोटं वर.

अख्ख्या खटल्यात वर गेलेली हेतूची रेघ तेवढी एकच होती, आणि ती फिर्यादीची होती. कोर्टात बसलेल्या निम्म्या गावानं एकमेकांकडं बघितलं.

दिनकरला दोन वर्षं झाली. निष्काळजीपणा आणि चोरून घेतलेली लाइन. त्यानं हात जोडून सांगितलं, "साहेब, उत्तर आलं न्हाई तर जाऊन बघायचं हा नियम. मी तीन वर्षं मोडला. शिक्षा बरोबर हाय." खोटं प्रतिज्ञापत्र केल्याबद्दल सारिकेला न्यायाधीशांनी कडक शब्दांत समज दिली आणि तिचं वैधव्य बघून सोडून दिलं.

बाहेर पायरीवर तिनं वकीलबाईंना गाठलं.

"आणि माझं?"

"तुमचं काय? झालं. समज दिली की."

"ते खोट्याचं झालं. मेलेल्याचं काय?"

शिंत्रेबाई थांबल्या. त्यांना घाई होती, पुढचा खटला पुकारला जात होता, पण त्या थांबल्या. "हे बघा बाई. गुन्ह्याला दोन पाय लागतात, एक मन आणि एक कृती. तुमचं मन तिथं होतं हे कागदावर आलंय. पण कृती कुठाय? तुम्ही ढकललं नाही, तार ओढली नाही, खटका वर केला नाही. तुम्ही बोलला नाहीत. न बोलणं गुन्हा केव्हा होतं? बोलणं हे कायद्यानं तुमच्यावर टाकलेलं काम असतं तेव्हा. फाटकवाल्यानं गाडी येतीय हे सांगितलं नाही तर गुन्हा. बायकोनं नवऱ्याशी बोललंच पाहिजे असा कायदा नाही. कुणी करायलाही धजणार नाही, निम्मी घरं तुरुंगात जातील."

"आणि ती रेघ?"

"नुसत्या हेतूला शिक्षा नसते. असती तर मी कधीच आत गेले असते." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कायद्यानं तुम्ही निर्दोष आहात. घरी जावा."

ऋतुजा एस.टी. स्टँडवर बाकावर बसून होती. कोर्टातून ती आईच्या आधी निघून आली होती. सारिका शेजारी बसली तशी ती थोडी सरकली, पण उठली नाही.

"आई, मी पटवेकर सरांना विचारलं," ती समोर बघत म्हणाली. "ते म्हणाले, काय हवं होतं ते मशीन सांगत नाही. भूक लागली असली, घरी जायचं असलं तरी पहिली रेघ वर जाते म्हणाले. हाक ऐकली आणि सांगायचं राहून गेलं, हे मी समजून घेईन. रागात होतीस. होतं असं. फक्त एवढं सांग की ती रेघ दुसऱ्या कशाची तरी होती. मी विश्वास ठेवते."

पोरीनं दार सताड उघडून धरलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. नव्वद दिवस संपले होते, आता जगातलं कुठलं मशीन तिच्या मनात डोकावणार नव्हतं. चहा हवा होता म्हटलं असतं तरी चाललं असतं. सारिकेनं तोंड उघडलं, आणि आयुष्यात जिथं खोटं बोलून भागलं असतं नेमकं तिथं तिच्यानं खोटं बोलवेना.

"त्यांना दणका बसावा असं वाटलं मला," ती म्हणाली. "मरावं असं न्हाई, देवाशप्पथ न्हाई. पण बसावा असं वाटलं."

कोल्हापूरची गाडी लागली, लोक चढायला लागले. ऋतुजानं बॅग उचलली.

"मी त्या वकीलबाईंचं सगळं ऐकत होते, खांबामागं होते," ती म्हणाली. "कोर्टाला कलम सापडलं नाही म्हणून कोर्टानं तुला सोडलं. कोर्ट ह्यातून सुटलं. मी काय करू सांग. मला तर तुझ्यापासून सुटताही येत नाही आणि तुझ्याजवळ राहताही येत नाही."

गाडी गेली. सारिकेनं पोरीला त्या आठवड्यात नऊ फोन केले. दहावा तिच्या मैत्रिणीनं उचलला आणि ऋतुजा ड्यूटीवर आहे असं सांगितलं.

पुढच्या सोमवारी सकाळी सारिका पोलीस ठाण्यात गेली. ठाणे अंमलदार गुरव म्हणून पोक्त हवालदार होते, रिटायरमेंटला आलेले. ती बसली. त्यांनी पाणी दिलं.

"तक्रार द्यायची हाय," ती म्हणाली.

"कुणाविरुद्ध?"

"सारिका युवराज कोकितकर."

"आणि तक्रारदार?"

"मीच."

गुरवांनी तिला ओळखलं. सगळ्या तालुक्यानं ओळखलं असतं. त्यांनी तरीही पडद्यावर नवं पान उघडलं, कारण आलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं ही त्यांची जुनी सवय. "गुन्हा काय म्हणू?"

"माझा नवरा तारेकडं चालला होता. मला ठाऊक होतं. मी बोलले न्हाई."

गुरवांनी गुन्ह्यांची यादी खाली सरकवली. शरीराविरुद्धचे, मालमत्तेविरुद्धचे, सार्वजनिक शांततेविरुद्धचे, विवाहासंबंधीचे. शेवटपर्यंत गेले, परत वर आले. यादीत नसलेलं लिहायला मशीन घेत नव्हतं, रकाना तांबडा होऊन परत यायचा. दोनदा तसं झालं.

"बसत न्हाई ह्यात, ताई," ते म्हणाले. "खरंच बसत न्हाई. मी हयगय म्हणून टाकलं तरी वरून परत येणार. तुम्ही जावा घरी."

"पोरीला सांगायला काहीतरी पाहिजे हो. आत टाका महिनाभर. एक दिवस टाका."

"कोठडीत ठेवायला गुन्हा लागतो."

ती उठेना. गुरवांनी खुर्ची मागं सरकवली, दारातून बाहेर बघितलं. उन्हं चढली होती आणि गावाकडची गाडी स्टँडवर लागलेली दिसत होती.

"ती बघा तुमची गाडी. घरी कुणी वाट बघत असंल."

"कुणी न्हाई," सारिका म्हणाली.

"मग सावकाश जावा," गुरव म्हणाले. "तासाभरानं दुसरी हाय."